पावसाळी भटकंती: अळंबी, शेकरू आणि फजिती. तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या कुजक्या पाल्यातून चाललो होतो. बायको ओरडली, "अरे, पाय बघ!" खाली लिंबाएवढा मातकट गोळा. बुटाच्या टोकाने जरा दाबला तर भस्सकन तपकिरी धूर निघाला. तो धूर म्हणजे अळंबीचे बीजाणू, तिची बीजंच. बारा वर्षं त्याच वाटेनं जातोय, पण खाली कधी बघितलंच नव्हतं. म्हणून हा धागा. पुण्याच्या आसपास भटकताना दिसलेली, तोडलेली, खाल्लेली अळंबी आणि वाटेत भेटलेले प्राणी, सगळं येऊ द्या. फक्त जागा सांगताना गावाचं नाव पुरे, नेमकं झाड नको. नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे पन्नास गाड्या उभ्या.

धायरी

माझं आजोळ वेल्ह्याकडचं. श्रावणात जोराचा पाऊस होऊन दोन दिवस उघडीप पडली की मामी पहाटेच कोयती घेऊन निघायची. वीज कडाडली की अळंबी फुटते, असं तिचं म्हणणं. तिची वारुळं ठरलेली होती, सासूनं दाखवलेली. ती तिनं स्वतःच्या जावेलाही सांगितली नव्हती!

एकदा मी हौसेनं एक देठ धरून ओढला, तो कट्‌कन तुटला. "आरं, वडू नगंस! बोटानं उकर." तिनं माती बाजूला केली, तर देठ खाली जातोय, जातोय, कोपरभर आत. पुढे कॉलेजात कळलं, की वाळवी आत चावलेल्या पाल्याचा मऊ थर रचून त्यावर ही बुरशी पोसते, आणि देठाचं मूळ थेट त्या थरातून येतं. मामीला वाळवीची शेती वगैरे ठाऊक नव्हतं. वारूळ फोडायचं नाही, एवढं मात्र पक्कं. कळ्या घ्यायच्या, पण उमललेल्या दोनचार तिथेच ठेवायच्या.

कांदा, सुकं खोबरं, लसूण यांचं वाटण आणि चुलीवरची कढई. चव मटणासारखी म्हणतात लोक. मला नाही वाटत. अळंबी अळंबीसारखीच लागते.

वारजे (मूळ भंडारा)

वरचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे वारुळावरच्या या अळंबीला सात्या म्हणतात. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, पण मंडईतल्या धिंगरी अळंबीवर भागवतोय. धिंगरी वाईट नाही, पण ती पिशवीत वाढलेली.

कोथरूड

आता फजिती. सोसायटीच्या हिरवळीवर पावसानंतर बशीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. आमच्या शेजारच्या काकू कोकणातल्या, त्यांना वाटलं माहेरचीच. परीक्षाही घेतली: शिजताना चांदीचं नाणं टाकलं, लसूण टाकला. दोन्ही काळे पडले नाहीत. मी दोन घास खाल्ले. दोन तासांत उलट्या, जुलाब, अंगाला दरदरून घाम. काकूंना सलाईन लागलं, मी रात्रभर संडासात.

डॉक्टर म्हणाले, लवकर उलट्या झाल्या हे नशीब. खरी जीवघेणी अळंबी सहा तासांपासून दिवसभरापर्यंत गप्प राहते, आणि माणूस आजारी पडेपर्यंत विष यकृतात पोचलेलं असतं. उरलेली छत्री उलटी करून पाहिली तर खालच्या पट्ट्या हिरवट झालेल्या. ही लॉनवरचीच जात, हिरव्या बीजाणूंची. चांदीचं नाणं मात्र अजून चकचकीत आहे, काकू ते देवघरात ठेवतात.

कोथरूडला उत्तर, औंधहून

नाणं, लसूण, तांदूळ, किड्यांनी खाल्लेली म्हणजे चालते, हे सगळं थोतांड आहे. किडे विषारीही खातात. ओळखणारा माणूस सोबत नसेल तर फोटो काढा आणि पुढे चला. वाढवायची हौस असेल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, तिथे विचारा.

सिंहगड रोड

ताम्हिणीच्या जंगलात पडलेल्या खोडावर नारिंगी कानासारखी बुरशी दिसली. मी गुडघ्यावर बसलो, तोल सावरायला हात कारवीकडे नेला. बरोबरच्या गावातल्या दादांनी मनगटच धरलं. "दादा, हलू नका." हातापासून वीतभर अंतरावर चापडा, विषारी साप. कारवीच्या पानासारखाच हिरवा, तिकोनी डोकं, दगडासारखा स्थिर. डोळा आणि नाकपुडीच्या मधली खाच इतक्या जवळून दिसली, की तिच्यातून त्याला माझ्या हाताची ऊब लागत असणार हे आठवून घशाला कोरड पडली. दिवसा तो असाच बसून राहतो, रात्री शिकार करतो. तेव्हापासून फांदीला हात लावण्याआधी काठी लावतो. बुरशीचा फोटो हललेला आलाय.

चिंचवड

भीमाशंकरला शेकरू बघायला गेलो होतो. सकाळभर फक्त घरटी, उंच बारीक फांद्यांवर पानाकाड्यांचे गोळे. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरी असेलच असं नाही. शेवटी डोक्यावर खडखडाट झाला आणि तांबूस शेपटीचा झुबका एका झाडावरून दुसऱ्यावर गेला. दोन सेकंद. राज्यप्राण्याचं एवढंच दर्शन.

पण खरी गोष्ट रात्रीची. मुक्काम गावात होता. ज्यांच्या घरी उतरलो ते मामा म्हणाले, चला, घरामागेच दाखवतो. बॅटरी बंद करायला लावली. पाच मिनिटं काळोख, चिखल, कानाशी डास. मुलगा कंटाळला. मग पायाशी एक काटकी फिक्कट हिरवी दिसायला लागली. मग दुसरी. मग सगळा उतारच, कुणी चांदणं सांडल्यासारखा. कुजक्या लाकडातली बुरशी. मोबाइलवर काहीही आलं नाही, नुसता काळा चौकोन. मुलानं एक काटकी उचलली, मामा म्हणाले, "ठेव बाळा, अभयारण्यातलं काही न्यायचं नाही." त्यानं ठेवली, पण आधी घड्याळाच्या काचेजवळ नेऊन किती वाजले ते वाचायचा प्रयत्न केला. वाचता आलं नाही.