'ग्रामण्य' म्हणजे काय?

प्रश्न : रानड्यांविषयीच्या एका जुन्या लेखात 'चहाचे ग्रामण्य' असं वाचलं. मी आधी 'ग्रामीण'शीच जोडलं. म्हटलं, गुळाचा चहा असेल! पण पुढे प्रायश्चित्त आलं आणि अर्थ लागेना.

– गुळाचा चहा नव्हे, मिशनऱ्यांचा. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी (आनंदीबाईंचे यजमान) यांनी व्याख्यानाच्या निमित्ताने मोठमोठी मंडळी जमवली. रानडे, टिळक दोघेही होते. चहा-बिस्किटं पुढे आली, आणि नंतर जोशीबुवांनी हजर असलेल्यांची नावंच छापून आणली. झालं! सनातन्यांनी शंकराचार्यांपर्यंत तक्रार नेली. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं, पुढे रानड्यांनीही, आणि त्यावरून सुधारक त्यांच्यावर नाराज झाले ते वेगळंच.

– शब्दाचं मूळ संस्कृत 'ग्रामणी', म्हणजे गावाचा म्होरक्या. गावाने किंवा जातीने एकजूट करून कुणाविरुद्ध उठवलेलं भांडण ते ग्रामण्य. नपुंसकलिंगी.

– म्हणजे वाळीत टाकणं?

– अगदी तेच नाही. वाळीत टाकणं हा निकाल. ग्रामण्य म्हणजे अख्खा खटला. त्यात तट पडतात, शास्त्री येतात, पुरावे होतात, पंक्तिव्यवहार (एका पंगतीत जेवणं) अडतो. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर ग्रामण्यांचा इतिहासच लिहिला. अनेकवचन बघा, एकदोन असती तर इतिहास कशाला लागता? आता मात्र महाराष्ट्राच्या 2016 च्या बहिष्कारविरोधी कायद्यातसुद्धा 'सामाजिक बहिष्कार' हेच शब्द आहेत, ग्रामण्य मागे पडलं.

– पण चहावरूनच का एवढं?

– चहा म्हणजे शेवटी उकळलेलं पाणीच की, आणि पाणी कुणाच्या हातचं, हाच तर प्रश्न. बिस्किटाचंही तेच, ते भाजलं कुणी? गंमत म्हणजे आता अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार चहापान ठेवतं आणि विरोधक त्यावर बहिष्कार टाकतात. तेव्हा चहा पिणाऱ्यावर बहिष्कार, आता चहावरच.

प्रश्नकर्ता : आभार मंडळी. अजून एक. त्या दिवशी म्हणे काहींनी चहा प्यायलाच नाही, कप नुसता मान राखायला हातात घेतला. याला काही शब्द आहे का?

– मुलगी बघायला आलेले करतात तसं? शब्द ठाऊक नाही, पण आमच्या आईला स्वयंपाकघरातून कळायचं.