मदत हवी आहे: बीएस्सी (रसायनशास्त्र) नंतर बीएड, त्याची प्रवेश परीक्षा सीईटी आणि पुढे विषयशिक्षक (नाशिक)

रसायन_सिन्नर

नमस्कार. माझी बीएस्सी रसायनशास्त्रात झाली आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तीन वर्षांची पदवी, ५६ टक्के. एसवायपर्यंत भौतिकशास्त्र आणि गणित होतं, टीवायला फक्त रसायन. प्रवर्ग ओबीसी. जातीचा दाखला आहे, पडताळणी समितीचं जात वैधता प्रमाणपत्र नाही. राहायला सिन्नरला. नववी-दहावीला विज्ञान आणि गणित शिकवायचं आहे, जमलं तर पुढे ज्युनिअर कॉलेज.

बीएडला गणिताची मेथड (अध्यापन पद्धती) मिळेल का? मुक्त विद्यापीठ नाशिकलाच आहे, तिथून बीएड करता येईल का? एका कॉलेजच्या एजंटने "हजेरीची गरज नाही, परीक्षेपुरतं या" असं सांगितलंय, तसा प्रवेश घ्यावा का? टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आधी द्यावी की बीएडनंतर? आणि एक वर्षाचा बीएड येणार असं ऐकते, तर थांबू का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

फळा_खडू

सीईटीच्या आधी एक गोष्ट पक्की करा: कोणत्या वर्गांना शिकवायचं आणि कोणता विषय. बीएड झाल्यावर हे ठरवू म्हणणाऱ्यांची भरतीच्या वेळी अडचण होते, कारण तुमचा विषय बीएडपेक्षा पदवीवर जास्त ठरतो.

पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला तसा निकाल दिला आहे, तिथे डीएड (डीएलएड) लागतं. "बीएडवर टीईटीचा पहिला पेपर द्या" हा सल्ला अजूनही फिरतो, तो सोडून द्या. सहावी ते आठवीला पदवी, बीएड आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बीएड. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बीएड. ज्युनिअर कॉलेजला नेट-सेट लागत नाही.

आता मेथड. बीएडला दोन अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात. तुमच्या एफवाय-एसवायच्या गुणपत्रकांत गणित आहे, म्हणून विज्ञान आणि गणित ही जोडी मागायला तुमच्याकडे आधार आहे. त्यासाठी तिन्ही वर्षांची गुणपत्रकं लागतील, एकट्या टीवायच्या गुणपत्रकावर गणित दिसणार नाही. पण प्रत्येक कॉलेज सगळ्या मेथड चालवत नाही. त्या विषयाचे प्राध्यापक नसले की मुलांना "मराठी-इतिहास घ्या" म्हणतात. म्हणून कॉलेजांची पसंती भरायच्या आधी फोन करून विचारा: गणित पद्धती यंदा सुरू आहे का, आणि शिकवणारे कोण.

मेथड मिळाली म्हणजे गणित शिक्षकाची जागा मिळालीच असं मात्र नाही. जाहिरातीत पदवीचा विषय बघतात. तुमचा मुख्य विषय रसायन, त्यामुळे तुमची भक्कम बाजू विज्ञान. ओझर, देवळाली, नाशिकरोडच्या केंद्रीय विद्यालयांवर डोळा असेल तर तिथले नियम वेगळे आहेत. टीजीटी (पदवीधर शिक्षक) विज्ञानासाठी ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायन असा संच मागतात. भौतिक-रसायन-गणितवाला त्यात बसत नाही. तिथे तुमचा रस्ता एमएस्सी रसायन आणि बीएड करून पीजीटीचा (पदव्युत्तर शिक्षक).

नासर्डी

टक्क्यांचा प्रश्न तुम्हाला नाही. खुल्या प्रवर्गाला पदवी किंवा पदव्युत्तरपैकी एकात ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४५. वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते: ४९.८ म्हणजे ५० धरत नाहीत. गुणपत्रकावर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र आधीच काढून ठेवा, ऐन पडताळणीच्या आठवड्यात ते मिळत नाही.

तुमचं खरं काम जात वैधतेचं आहे आणि ते आजच सुरू करा. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग प्रत नाशिकच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे. कार्यालय नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे, सिन्नरहून येताना वाटेवरच. शैक्षणिक कारणासाठी अर्ज करताना सीईटीच्या अर्जाची प्रत किंवा कॉलेजचं पत्र जोडावं लागतं.

अर्ज अडतो तो पुराव्यांवर. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा हवा. (विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, जमातींची समिती वेगळी असते.) वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला बहुतेकदा त्या तारखेनंतरचा निघतो, मग आजोबा किंवा चुलत आजोबांचा प्राथमिक शाळेतला निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतली नोंद), जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा, जुना महसुली उतारा शोधावा लागतो. वडील, सख्खे काका किंवा भाऊ यांपैकी कोणाची वैधता आधी झाली असेल तर तिची प्रत आणि नातं दाखवणारी वंशावळ जोडा, काम पुष्कळ सोपं होतं. आडनावाच्या लेखनात फरक असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्या. नंतर त्रुटीपत्र आलं की प्रकरण मागे पडतं.

दुसरा कागद नॉन-क्रीमीलेअर. तो प्रांताधिकारी देतात, मागच्या तीन आर्थिक वर्षांचं उत्पन्न बघतात, मर्यादा ८ लाख. त्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, ३१ मार्चची. प्रवेश पावसाळ्यात होतात, त्यामुळे मार्चमध्ये संपलेला दाखला घेऊन गेलात तर अर्ज खुल्या प्रवर्गात टाकतात. एप्रिल लागला की तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घेऊन नव्या दाखल्याचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत भरून टाका. अधिवास प्रमाणपत्रही त्याच फेरीत काढा.

पंचवटी_एक्सप्रेस

सीईटीबद्दल. परीक्षा राज्य सीईटी कक्ष घेतो, संगणकावर. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. बौद्धिक क्षमतेतली आकृत्यांची आणि बैठकव्यवस्थेची कोडी वेळ खातात, ती शेवटी ठेवा. अभियोग्यतेचे ३० प्रश्न सरावाने पंधरा-वीस मिनिटांत होतात. इंग्रजी माध्यमाच्या बीएडला जायचं असेल तर ५० प्रश्नांची इंग्रजीची वेगळी चाचणी त्याच अर्जात निवडावी लागते. ती निवडायची राहिली तर त्या वर्षी इंग्रजी माध्यम बंद. २०२४ आणि २०२५ ला सीईटी मार्चमध्ये झाली, म्हणजे अर्जासाठी डिसेंबरपासून संकेतस्थळ बघत राहा.

सगळ्यात जास्त मुलं इथे चुकतात: सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, पुन्हा नोंदणी करायची, कागद अपलोड करायचे, त्यांची ई-पडताळणी होते. त्रुटी निघाली तर लॉगिनमध्ये दिसते आणि ती ठरलेल्या मुदतीतच दुरुस्त करावी लागते. मेसेज येईलच म्हणून बसू नका, रोज लॉगिन करा. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, कॉलेजांचा पसंतीक्रम आणि फेऱ्या. सिन्नरहून रोज जाणं जमणार नाही असं कॉलेज पसंतीक्रमात टाकूच नका.

गोदाकाठ

मुक्त विद्यापीठाचं उत्तर: नाही. दूरशिक्षणाचा बीएड एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) नियमानुसार आधीच प्रशिक्षित असलेल्या सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी किंवा ज्यांनी एनसीटीई-मान्य शिक्षक प्रशिक्षण नियमित पद्धतीने पूर्ण केलं आहे त्यांच्यासाठी आहे. नुसत्या बीएस्सीवर तिथे प्रवेश नाही.

एजंटच्या प्रवेशाबद्दल मात्र कळकळीने सांगतो, घेऊ नका. २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचा झाला तो प्रत्यक्ष शाळेत उभं राहण्यासाठी. वर्षाला किमान २०० दिवस काम, तासिका व प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला (शाळेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष सरावाला) ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवडे. न जाता हे सगळं "झालं" असं दाखवायचं म्हणजे मुख्याध्यापकाच्या सहीचं खोटं प्रमाणपत्र आलं, आणि ते आयुष्यभर तुमच्या फाइलमध्ये राहतं. त्याच काळात दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी दाखवली असेल तर दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडतात. नुकसान शिकण्याचंही मोठं आहे. सूक्ष्म अध्यापनात एकच कौशल्य घेऊन पाच-सात मिनिटांचा पाठ, त्यावर निरीक्षकाचे शेरे, मग तोच पाठ सुधारून पुन्हा, आणि त्यातून पूर्ण तासिकेचे सराव पाठ. आम्ल-आम्लारीचा प्रयोग साठ मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांत कसा बसवायचा हे पाठ टाचण लिहून आणि फसून बघितल्याशिवाय येत नाही. पुढे जी मुलं तुमच्यासमोर बसतील त्यांचा त्यावर हक्क आहे.

पैशाच्या बाजूनेही तो व्यवहार तोट्याचा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की हा लाभ गेला. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर करायचा, तिथे हजेरीही भरावी लागते.

कोणतंही कॉलेज घेण्याआधी एनसीटीईचं मान्यतापत्र, विद्यापीठाची चालू वर्षाची संलग्नता आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी, तिन्ही बघायला मागा. "विकास निधी" म्हणून पावतीशिवाय काही मागितलं तर देऊ नका.

रसायन_सिन्नर

मनापासून आभार. वैधतेच्या कागदांना आजच लागते. आजोबांच्या शाळेचा उतारा मिळायला हवा. एक वर्षाच्या बीएडचं आणि टीईटीचं कोणी सांगेल का? आणि एमएस्सी आधी करू की बीएड?

फळा_खडू

एनसीटीईच्या २०२५ च्या मसुद्यात एक वर्षाचा बीएड आहे तो चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी. तुमची पदवी तीन वर्षांची, म्हणजे तुम्हाला दोन वर्षंच. त्यासाठी थांबून काही मिळणार नाही.

माझं मत: एमएस्सी आधी. ज्युनिअर कॉलेज आणि पीजीटी हे दोन्ही दरवाजे त्याने उघडतात, आणि मसुदा प्रत्यक्षात आला तर बीएडचं एक वर्ष वाचेल.

पंचवटी_एक्सप्रेस

इथे मी वेगळं म्हणेन. राज्यातली भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. (टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.) ही चाचणी दरवर्षी होत नाही. २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली आहे. ती येईल तेव्हा बीएड हातात असलेला पुढे जातो. नववी-दहावी हेच पहिलं उद्दिष्ट असेल तर बीएड आधी, एमएस्सी नंतर. यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली असली तरी बीएडच्या आंतरवासितेसोबत एमएस्सीची प्रयोगशाळा जमत नाही, तो विचार करू नका.

टेटमध्ये २०० प्रश्न, १२० मिनिटं. अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. प्रश्नाला ३६ सेकंद, बीएडच्या सीईटीपेक्षा कितीतरी घाई. म्हणून सीईटीची तयारी संपली की वह्या ठेवून द्या, त्याच पुढे लागतात.

गोदाकाठ

टीईटी: नववी-दहावीला सक्ती नाही, तरी दुसरा पेपर द्या. सहावी ते आठवीच्या जागा त्यावर उघडतात, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते आठवीच्या सेवेतल्या बहुतेक शिक्षकांनाही टीईटी टाळता येत नाही. पाचवी ते दहावी एकत्र असलेल्या शाळेला दोन्हीकडे चालणारा शिक्षक हवा असतो. १५० प्रश्न, १५० गुण: बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३० आणि ३०, गणित-विज्ञान ६०. अर्जात गणित-विज्ञान हाच गट निवडा, सामाजिक शास्त्र नको. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. प्रमाणपत्र आता आजीवन आहे. केंद्राची सीटीईटी बीएड सुरू असतानाही देता येते आणि पवित्र पोर्टलवर चालते, म्हणून पहिल्या वर्षापासूनच तिच्या मागे लागा. दोन भाषांच्या ६० गुणांना विज्ञानाची मुलं हलकं घेतात आणि तिथेच अडकतात. मराठीचा उतारा आणि अध्यापनशास्त्रावरचे प्रश्न वेळ लावून सोडवा.

पगाराची कल्पना असू द्या: निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन महिना १८,००० रुपये, उच्च माध्यमिकला २०,०००.

रसायन_सिन्नर

बीएड आधी हेच ठरवते. शेवटचं एक: पवित्रवर माहिती भरताना काय जपायचं?

नासर्डी

स्वप्रमाणपत्र. तिथे पदवीचा मुख्य विषय, टक्के, बीएडच्या मेथड, प्रवर्ग आणि टीईटीचा गट तुम्हीच भरता, आणि जागा त्या नोंदीवरूनच दाखवल्या जातात. मुख्य विषयात रसायनाऐवजी गणित भरलं तर कागदपत्र पडताळणीत निवड रद्द होते. सगळी गुणपत्रकं समोर ठेवून भरा, टक्केवारी दशांशासह जशीच्या तशी, नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे. प्रमाणित करण्याआधी छापील प्रत काढून दुसऱ्या कोणाकडून एकदा वाचून घ्या.