धबधबा वरून पाहावा की खालून? मोसी-ओआ-तुन्यावरची पंधरा मिनिटे आणि आपली आंबोली

भूगोलाचे गुरुजी (कुडाळ)

या गणपतीत आमच्या घरी जमलेल्या मंडळींमध्ये एका विषयावरून असा वाद पेटला की संध्याकाळच्या आरतीला उशीर झाला. तोच विषय येथे मांडतो. माझ्या पुतण्याचे म्हणणे असे की आंबोलीच्या धबधब्यावर पावसाळ्यात हेलिकॉप्टरच्या छोट्या फेऱ्या सुरू कराव्यात, चिपीच्या विमानतळावर उतरलेल्या पर्यटकांना परस्पर वर न्यावे, घाट आणि कडे दाखवावेत आणि तासाभरात परत आणून सोडावे. घरातील बहुतेकांनी त्याला वेड्यात काढले. मी मात्र त्याची बाजू घेतली, आणि त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे.

मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. आफ्रिकेच्या पाठात व्हिक्टोरिया धबधबा (तोच मोसी-ओआ-तुन्या) फळ्यावर किती वेळा काढला असेन याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी तो चुकीचा काढला. नदी कड्यापाशी येते, खाली कोसळते आणि पुढे दरीत वाहू लागते, हे आंबोली, नापणे, सावडाव पाहून मनात बसलेले चित्र मी झांबेझी नदीलाही बहाल केले होते. एप्रिल २०२३ मध्ये झांबियाच्या राजधानीत, लुसाकाला, मुलीकडे गेलो असता जावयांनी आम्हा दोघांना धबधब्याजवळच्या लिव्हिंगस्टन गावी नेले आणि हेलिकॉप्टरची पंधरा मिनिटांची फेरी ठरवली. माणशी दीडशे डॉलरच्या वर पैसे पडले, एवढेच मला कळले. नेमका आकडा त्यांनी मला अजून सांगितलेला नाही. उड्डाणापूर्वी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभे करतात, कारण कोणी कोठे बसायचे हे वजनावरून ठरते. आमच्या सौभाग्यवतींनी तो काटा पाहिला, पंख्याचा आवाज ऐकला, आणि ‘मी आपली खालूनच बघेन’ असे म्हणून त्या मुलीबरोबर धबधब्यासमोरच्या पायवाटेकडे निघून गेल्या.

वर गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत माझी बत्तीस वर्षांची आकृती पुसली गेली. नदी दरीत पडत नाही. ती जमिनीला पडलेल्या एका अरुंद, आडव्या भेगेत पडते. सुमारे १,७०० मीटर रुंदीचा तो सगळा प्रवाह १०८ मीटर खाली जातो आणि समोर लगेच तेवढीच उंच दुसरी भिंत उभी असते. त्या भेगेतून पाण्याला बाहेर पडायला साधारण ११० मीटर रुंदीची एकच खिंड आहे, आणि तेथून पुढे नदी एका घळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी करवतीच्या दात्यांसारखी वळत जाते. यातील घळी म्हणजे धबधब्याच्या जुन्या जागा होत. एकेका भेगेवरून मागे सरकत तो आजच्या ठिकाणी आलेला आहे आणि पश्चिम टोकाला पुढची भेग कोरण्याचे काम नदीने हाती घेतलेही आहे. खडक आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा, काळा बेसाल्ट, फक्त वयाने आपल्यापेक्षा बराच थोर. हे सारे मी मुलांना शब्दांनी सांगत होतो. समजले मात्र त्या दिवशी.

माझे म्हणणे एवढेच की काही धबधबे जमिनीवर उभे राहून पुरते दिसतच नाहीत, आणि म्हणून या फेरीला श्रीमंतांची चैन म्हणून उडवून लावू नये. आपल्याकडे हेलिकॉप्टर म्हटले की शाळेच्या मैदानावरची धूळ आणि निवडणूक एवढेच आठवते. ते कोकण दाखवण्याच्या कामी आले तर बिघडले कोठे? विरोधी मते अवश्य लिहावीत.

सड्यावरचा (देवरूख)

गुरुजी, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो की आपण त्या दिवशी जे पाहिलेत तो नकाशा होता, धबधबा नव्हे. आपण भूगोलाचे शिक्षक असल्यामुळे नकाशा दिसताच आपल्याला आनंद झाला, हे मी समजू शकतो. परंतु त्या धबधब्याचे तेथील लोकांनी ठेवलेले नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे ‘गर्जणारा धूर’. कानांवर हेडफोन आणि चहूबाजूंना काच अशा स्थितीत बसलेल्या माणसाला गर्जना ऐकू येत नाही आणि धूर अंगाला लागत नाही. नावातील दोन्ही गोष्टी बाहेर ठेवून आपण पंधरा मिनिटे वर फिरलात, आणि त्याचे दीडशे डॉलर दिलेत.

मार्लेश्वरला पायऱ्या चढताना धारेश्वर धबधबा आधी कानांना भेटतो, मग गार वारा लागतो, मग चष्म्यावर तुषार बसतात आणि डोळ्यांना तो सर्वांत शेवटी दिसतो. हा क्रम मोडून एकदम शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवणे म्हणजे पाहणे, हे मला मान्य नाही. दुसरे असे की वर बसलेल्या चार-पाच जणांना जे शांतपणे दिसते त्याची किंमत खाली उभे असलेले पाचशे जण कानांनी मोजतात. त्यांना कोणी तिकीट विचारीत नाही. ब्राझीलच्या बाजूने इग्वासू धबधब्यावर अशा फेऱ्या होतात, पण त्याच धबधब्याची दुसरी बाजू ज्या देशाकडे आहे त्या अर्जेंटिनाने आपल्या बाजूला त्या होऊ दिलेल्या नाहीत, आणि आवाज हेच त्यामागचे एक मोठे कारण आहे.

दर्यावर्दी (दाभोळ)

मी जहाजावर नोकरी केली आणि एका सुट्टीत कॅनडाच्या बाजूने नायगारावर बारा मिनिटांची फेरी केली, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडे बोलण्याचा अधिकार घेतो.

नायगाराला वरून जाण्यात मला विशेष काही मिळाले नाही. तेथे कठड्याशी उभे राहिले तर घोड्याच्या नालेसारख्या आकाराचा तो प्रवाह हातभर अंतरावरून खाली वळताना दिसतो. उंचीही साधारण ५७ मीटर, म्हणजे डोळ्यात मावणारी. वरून तीच गोष्ट लहान होऊन दिसते, एवढाच फरक. फेऱ्या मात्र एस.टी.च्या गाड्यांसारख्या एकामागून एक, ठरलेल्या मार्गाने. त्यांचे वेळापत्रक कोसळत नाही याला आणखी एक कारण आहे, ते पुष्कळांना ठाऊक नसते: अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून सोडावेच लागते, आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मे सोडले तरी चालते, बाकीचे वीजनिर्मितीकडे वळवतात. नळ हातात असलेला धबधबा तो. आपले धबधबे कोणाचे ऐकत नाहीत.

तेव्हा गुरुजींचे व्हिक्टोरियाबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो, कारण भेग वरूनच दिसणार. पण त्यावरून ‘काही धबधबे’ आणि तेथून थेट ‘आंबोली’ ही उडी मला पटत नाही. आंबोलीचा मुख्य धबधबा रस्त्याला लागून आहे, गाडीच्या खिडकीतून दिसतो. वरून त्याचे कोणते रहस्य उलगडणार आहे?

सुरक्षिततेबद्दलही लिहिलेच पाहिजे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर १८ जून १९८६ रोजी पर्यटकांचे विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर हवेत एकमेकांवर आदळून २५ माणसे गेली, आणि त्यानंतर कायदा करून तेथील उड्डाणांचे मार्ग व उंची बांधून द्यावी लागली. देखावा एकच असला की सगळे वैमानिक त्याच जागी येतात. गर्दीचे मूळ तेथे आहे.

भूगोलाचे गुरुजी

सड्यावरचे, ‘नकाशा पाहिला’ हा टोला मला लागला, आणि तो बरोबर बसला हेही कबूल करतो. पण नकाशाला आपण एवढे कमी का लेखता? एप्रिलमध्ये त्या नदीला पूर असतो आणि पायवाटेवर उभ्या राहिलेल्या माणसाला समोर केवळ पांढरी भिंत दिसते. आमच्या सौभाग्यवती नखशिखांत भिजून परत आल्या, आणि धबधबा कसा होता असे विचारल्यावर म्हणाल्या, ‘दिसला नाही, पण होता.’ मला त्याच वेळी तो पूर्ण दिसला होता, हे खरे ना?

सड्यावरचा

खरे आहे. पण गुरुजी, वाक्य वहिनींचेच लक्षात राहील.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव वैभववाडी तालुका)

एक बाजू कोणीच मांडलेली नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तिचे माहेर घाटाच्या पायथ्याशी, पण गेल्या दहा वर्षांत तिने एकही धबधबा जवळून पाहिलेला नाही, कारण पायऱ्या, शेवाळ आणि गर्दी यांतून तिला नेणे मला शक्य नाही. ‘क्रम मोडू नये’ हे म्हणणे ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला शोभते. अशा माणसांसाठी वर्षातून काही दिवस अशी सोय झाली तर तिला चैन कसे म्हणता येईल? पावसात उड्डाण नको, हे मान्य. सप्टेंबरच्या अखेरीस आकाश उघडते आणि धबधबे अजून चालू असतात, ते पंधरा-वीस दिवस निवडावेत.

चौकुळची लेक

गुरुजी काका, नमस्कार. मी आंबोलीच्या शेजारची, आणि आमच्या घरच्यांची धबधब्याजवळ चहा, भजी आणि मक्याच्या कणसांची लहानशी गाडी आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच सांगून टाकते. हेलिकॉप्टरमधून पाहणारा पर्यटक आमच्या कणसांच्या वरून जाईल. पण ते बाजूला ठेवले तरी या बेतात जी मूळ अडचण आहे ती पैशांची किंवा आवाजाची नाही, ढगांची आहे.

आपण एप्रिलमध्ये गेलात तेव्हा वर निळे आकाश आणि खाली पूर, असे दोन्ही एकत्र मिळाले, कारण झांबेझीचे पाणी लिव्हिंगस्टनच्या पावसाचे नसते. तेथे वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पूर येतो तो शेकडो किलोमीटर वरून, झांबियाच्या वायव्येकडून आणि अंगोलातून. वाटेत बारोत्सेच्या पूरमैदानात पाणी पसरते, रेंगाळते, आणि पाऊस संपल्यावर धबधब्याशी पोहोचते. हे आपणच शाळेत शिकवले असेल. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि धबधबा म्हणजे त्याच दिवशी, त्याच डोंगरावर टेकलेल्या ढगाचे पाणी. ढग गेला की दोन-चार दिवसांत धार बारीक होते. म्हणजे ज्या दिवशी पाहण्यासारखे काही असते त्या दिवशी वरून फक्त पांढरा कापूस दिसेल, आणि ज्या दिवशी वरून स्वच्छ दिसेल त्या दिवशी खाली कातळावर ओल राहिलेली असेल. जुलैमध्ये आमच्याकडे दुपारी बारा वाजता गाड्यांचे दिवे लावून घाट उतरावा लागतो. तेथे वैमानिकाने काय पाहून चालवायचे?

वाऱ्याचाही विचार करावा. आंबोलीजवळच्या कावळेसादला दरीतून इतका जोराचा वारा वर येतो की पडणारे पाणी उलटे फिरून कड्यावर उभ्या असलेल्यांच्या अंगावर येते. लोक हसतात, फोटो काढतात. ज्या वाऱ्याने पाणी वर उचलले जाते त्यात कड्यालगत हेलिकॉप्टर स्थिर धरून ‘बघा, बघा’ म्हणणे कसे असेल याची कल्पना करावी. गेल्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, केदारनाथहून निघालेले हेलिकॉप्टर पहाटेच्या ढगाळ हवेत गौरीकुंडाजवळच्या जंगलात कोसळले आणि वैमानिकासह सात जण गेले, त्यांत एक लहान मूल होते. तेही डोंगर आणि ढग यांच्यामध्येच अडकले होते.

चाकरमानी दादा, आपल्या आईंविषयी वाचून वाईट वाटले, आणि त्यावर उपाय हवा हे खरेच आहे. पण मुख्य धबधबा रस्त्यालगत आहे. शनिवार-रविवार सोडून सकाळी सातच्या आत या, गाडी अगदी समोर थांबवता येते, दार उघडले की तुषार आत येतात. खुर्चीही आमच्या गाडीवर आहे. सप्टेंबरअखेरचे जे दिवस आपण सुचवता त्यांतील निम्म्या दिवशी दुपारनंतर ढग पुन्हा चढतात, हे रोज पाहणारी म्हणून सांगते.

आणखी एक लहानशी गोष्ट. आंबोलीच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, एक भेक (बेडकाचा एक प्रकार) आहे, आंबोली आणि आसपासच सापडणारा, जगातून नाहीसा होण्याच्या अगदी काठावर असलेला. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद २००९ मध्ये केली. पहिल्या पावसात त्याचे नर जांभ्याच्या डबक्यांपाशी हाक घालतात, आणि ती हाक फार लांब जात नाही. पर्यटनाचा हंगाम आणि त्याचा हंगाम एकच आहे.

दर्यावर्दी

ढगांचा मुद्दा निर्णायक आहे. समुद्रावरही आम्ही हेच शिकलो: जे दिसत नाही त्याच्या जवळ जायचे नाही. आणि दोष केवळ पावसाचा असतो असेही नाही. ३ मे २०२४ रोजी महाडला उतरताना हेलिकॉप्टर कोसळले ते तर ऐन उन्हाळ्यात. सुदैवाने वैमानिक वाचले.

चाकरमानी

ताईंनी दिलेले उत्तर मला तात्पुरते मान्य आहे आणि सकाळी सातची वेळ मी नोंदवून ठेवली आहे. तरीही नापणे बारमाही आहे, तेथे डिसेंबरातही पाणी असते, तेव्हा हा विषय माझ्यापुरता संपलेला नाही.

दर्यावर्दी

डिसेंबरातले नापणे पाहायला हेलिकॉप्टर कशाला? त्या वेळी आईंना काठावर नेता येईल अशी धड वाट बांधून मागा, ती स्वस्त पडेल.

भूगोलाचे गुरुजी

चौकुळच्या लेकीने माझ्याच विषयात माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झालो. झांबेझीचा पूर पावसानंतर येतो हे मी मुलांना शिकवत आलो, पण त्याच कारणामुळे मला निळे आकाश मिळाले, ही सांगड मी घातली नव्हती. आंबोलीपुरती मी माझी सूचना मागे घेतो. पुतण्याला हे सर्व वाचून दाखवले आहे आणि तो अजून फुगून बसला आहे.

परंतु झांबेझीवरच्या त्या पंधरा मिनिटांबद्दल माझे मत बदललेले नाही. मला खासगीत दोघांनी विचारले की जायचे तर केव्हा जावे, म्हणून येथेच लिहितो. मार्च ते मे या काळात गेलात तर वरून जा, कारण खालून धुराशिवाय काही दिसणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर हेलिकॉप्टरवर पैसे घालवू नका. तेव्हा झांबियाच्या बाजूला बहुतेक उघडा काळा कडा राहतो आणि तो पायी फिरूनच नीट पाहता येतो. जून-जुलैमध्ये दोन्ही बरे. अंगावर रेनकोट असला तरी बदलायचे कपडे बरोबर घ्या, हे सौभाग्यवतींनी लिहायला सांगितले आहे.