अमृता शेर-गिल यांच्यावरील चित्रपुस्तक: रंगांची गोष्ट मुलांना कशी सांगावी?

पुस्तकपेटी (प्रश्न)

सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी चित्रकार अमृता शेर-गिल यांच्या जीवनावर ३२ पानांचे मराठी चित्रपुस्तक करण्याचे आम्ही ठरवले आहे. मजकूर मी लिहीत आहे आणि चित्रे माझी एक मैत्रीण काढणार आहे. रंगांवरील त्यांचे प्रेम हाच पुस्तकाचा धागा असावा, याबद्दल आमचे एकमत आहे. परंतु माझ्या पहिल्या खर्ड्यात १९१३ मधील बुडापेस्टचा जन्म, शीख वडील व हंगेरियन आई, सिमला, पॅरिस, लाहोर अशी गावांची जंत्रीच उतरली आहे. त्यावर मैत्रिणीने सुचवलेला उपाय असा की, पॅरिसची पाने करड्या रंगात असावीत आणि १९३४ च्या अखेरीस अमृता भारतात परतताच पाने एकदम रंगीत व्हावीत. कल्पना मोहक आहे, पण ती वस्तुस्थितीला धरून आहे का? शिवाय, त्या वयाच्या २८ व्या वर्षी गेल्या हे इतक्या लहान वाचकांना कसे सांगावे, आणि त्यांच्या मूळ चित्रांच्या प्रतिमा आम्हाला छापता येतील का, हेही जाणकारांनी सांगावे.

जलरंग

करड्या पानांची कल्पना पूर्णपणे निराधार नाही. अमृता यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की, त्यांच्या रंगांची श्रीमंती पाहून पॅरिसमधील त्यांचे प्राध्यापक म्हणत असत, पश्चिमेकडील करड्या स्टुडिओंत ही मुलगी रमणारी नाही, तिला पूर्वेकडचा प्रकाश हवा. मात्र या आठवणीतच तुमच्या शंकेचे उत्तर आहे, कारण रंग तर त्यांच्याकडे पॅरिसमध्येही होतेच. ज्या चित्रामुळे त्यांना तेथील प्रतिष्ठित प्रदर्शनात मान मिळाला, ते १९३२ चे ‘यंग गर्ल्स’ पाहिल्यावर त्या पानांना करडा रंग देण्याचे धाडस होणार नाही.

उलट, भारतात परतल्यानंतरची पहिली चित्रे संयत आहेत. १९३५ च्या ‘थ्री गर्ल्स’मध्ये लाल आणि हिरवी वस्त्रे आहेत, परंतु तिन्ही मुलींच्या नजरा खाली झुकलेल्या असून चित्रात उत्सवाचा मागमूसही नाही. (याच चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.) खरा पालट होतो तो १९३६ च्या अखेरीस, जेव्हा मुंबईत कलासमीक्षक व संग्राहक कार्ल खंडालावाला यांच्याकडे त्यांना मोगल आणि पहाडी लघुचित्रे जवळून पाहायला मिळाली आणि त्यानंतर त्या अजिंठ्याला गेल्या. दक्षिणेचा प्रवास करून आल्यावर १९३७ मध्ये त्यांनी ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’ ही चित्रे केली. त्यांतील तांबूस मातकट छटा, गडद तपकिरी त्वचा आणि त्यांवर उठून दिसणारे पांढरे रंग पाहताना अजिंठ्याच्या भिंती आठवतात. लाल आणि हिरव्या रंगांचा मोकळेपणा त्याहून नंतरचा, म्हणजे गोरखपूरजवळच्या सराया गावी काढलेल्या छोट्या चित्रांतला आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, एका रात्रीत पालटणारी पाने करू नयेत. पानागणिक एकेक रंग येत जावा. अजिंठ्याला तर समोरासमोरची दोन पाने पूर्ण द्यावीत. तेथील चित्रकारांनी वापरलेले गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि दूरदेशातून आणलेला निळा दगड ही सामग्री मुलांना सांगता येईल, आणि मराठी मुलांना त्यांतील गेरू तर कुंडीवर किंवा अंगणात पाहून परिचयाचा असतो. पॅरिसमधून शिकून आलेली एक तरुण चित्रकार अर्धवट अंधारात उभी राहून त्या भिंती पाहते आहे, एवढा प्रसंग लेखकाला पुरेसा असतो, असे मला वाटते.

पानगळ

मृत्यूविषयी लिहिताना अलंकार आणि तर्क दोन्ही टाळावेत. लाहोरमध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन काही दिवसांवर आले असताना त्या अचानक आजारी पडल्या आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले, इतके दोन सरळ वाक्यांत लिहिल्यास मुलांना ते समजते. कारणाबद्दल मोठ्यांमध्ये अनेक प्रवाद आहेत. ते पुस्तकात आणण्याचे कारण नाही. ज्या पानावर ही वाक्ये येतील तेथे त्यांचे शेवटचे अपूर्ण चित्र दाखवता येईल, कारण ‘हे चित्र पूर्ण का झाले नाही?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते आणि पालकांना बोलण्यासाठी वाट मिळते. ‘ती आकाशातले इंद्रधनुष्य झाली’ अशा धर्तीचे वाक्य कृपा करून लिहू नये. बालसाहित्यात त्याचा अतिरेक झाला आहे.

आणखी एक सूचना. त्यांचे वडील उमराव सिंग हे हौशी आणि उत्तम छायाचित्रकार होते व त्यांनी कुटुंबाची असंख्य छायाचित्रे काढली. अमृता आणि धाकटी बहीण इंदिरा यांचे कपडे, घरातील सामान, केशरचना यांसाठी आपल्या मैत्रिणीने ती अवश्य पाहावीत.

कागदोपत्री

शेवटच्या प्रश्नाबाबत: भारतीय कायद्यानुसार चित्रावरील हक्क (कॉपीराइट) चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे अमृता शेर-गिल यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरील हक्क २००१ च्या अखेरीस संपला आहे. परंतु पत्रांचा हिशेब निराळा आहे, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लिखाणासाठी ही ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. म्हणून पत्रांतील उतारे शब्दशः घ्यायचे असतील, तर ते पत्र प्रथम कधी छापले गेले हे आधी पाहावे लागेल. आशय स्वतःच्या शब्दांत सांगण्यास मात्र अडचण नाही.

चित्रांच्या छापण्याजोग्या प्रतिमांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे लेखी विचारणा करावी, कारण त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह तेथे आहे. उत्तर येण्यास वेळ लागू शकतो, हे गृहीत धरून छपाईची तारीख ठरवावी. मूळ चित्रे दोन-तीनच घ्यावीत आणि तीही पुस्तकाच्या शेवटी, वर्ष व मापासह द्यावीत. आतील पानांवर मैत्रिणीने अमृता यांच्या शैलीची नक्कल न करता स्वतःच्या हाताने काढावे.