बेडरूमच्या कॉम्प्युटरला सेंटर स्पीकर हवाच कशाला?

फोंड्याचा कानसेन
माझं मत सरळ मांडतो. बेडरूममधल्या कॉम्प्युटरला सराउंड, म्हणजे चारी बाजूंनी येणारा आवाज, करायचा तर मागचे दोन स्पीकर चांगले घ्या आणि सेंटर, म्हणजे समोर मधोमध ठेवायचा संवादांचा स्पीकर, सोडून द्या. दिवाणखान्यात सोफ्याच्या कडेला बसलेल्याला जवळच्याच स्पीकरचा आवाज येतो, म्हणून तिथे सेंटर लागतो. टेबलाशी मात्र एकटा माणूस मॉनिटरच्या ऐन समोर असतो. डावा-उजवा समान अंतरावर असले की संवाद मधूनच येतात. विंडोजच्या स्पीकर सेटअपमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) निवडायचं आणि 'सेंटर'वरची खूण काढायची. तो आवाज पुढच्या दोघांत वाटला जातो. खूण तशीच ठेवून नुसता स्पीकर काढलात तर पात्रांचे ओठ हलतील, शब्द येणार नाहीत.

मडगावची श्रोती
सेंटरचं पटलं. पण मग मागचे तरी कशाला? शास्त्र सांगतं, मागचे स्पीकर समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे कानांच्या बाजूला, जरासे मागे. आपली खोली १० बाय ११. टेबल भिंतीला, पाठीमागे पलंग, एका बाजूला कपाट, दुसरीकडे दार. एक स्पीकर कपाटावर कानाला चिकटून, दुसरा दारापलीकडे. चित्रपटातला पाऊस मग एकाच कानात पडतो. आणि मी ऐकते नाट्यपदं आणि जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणं. केसरबाई केरकरांच्या तबकड्या तर मोनोच, म्हणजे डाव्या-उजव्याला एकच आवाज. तो स्वर पाच जागी पसरवला की त्याचा ठाशीवपणा जातो. तेच पैसे पुढच्या दोन स्पीकरांत घाला.

फोंड्याचा कानसेन
ताई, केसरबाई दोनच स्पीकरांवर ऐकायच्या, यात वाद नाही. तेवढ्यापुरतं सेटिंग स्टिरिओवर आणता येतं. अंतराचा प्रश्नही सुटतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. एक स्पीकर मीटरभर जवळ असेल तर त्याला ३ मिलिसेकंद उशीर द्या आणि त्याचा आवाज थोडा उतरवा. इक्वलायझर एपीओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे प्रत्येक स्पीकरला वेगळं करता येतं. टेप घ्या, डोक्यापासून मोजा.

डिचोलीचा तारवाला
दोघेही मधे एक पायरी गाळताय. आधी कॉम्प्युटरची मागची बाजू बघा. हिरवं भोक पुढच्यांचं, काळं मागच्यांचं, केशरी सेंटर-सबवूफरचं. म्हणजे सेंटर नको असला तरी सबसाठी केशरी पिन लागतेच. लॅपटॉपला बहुधा एकच भोक असतं. ब्लूटूथवर नेहमीच्या पद्धतीने दोनच चॅनल, म्हणजे डावा आणि उजवा आवाज, जातात. ऑप्टिकल वायरने चित्रपटाचा डॉल्बी ५.१ (सगळे चॅनल दाबून एकत्र बसवलेला आवाज) जातो, पण गेमचा आवाज साउंड कार्डने चालता चालता डॉल्बीत बदलून दिला नाही तर स्टिरिओच पोचतो. एचडीएमआयने रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) जोडणं सगळ्यात बिनघोर.

आणि हे गोवा आहे. पावसाळ्यात खिडकीजवळच्या पिना काळ्या पडतात, मग एक बाजू खरखरते. स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीची कड फोमची असेल तर दमट हवेत लवकर भुगा होतो. रबराची बघून घ्या. गुणगुण येत असेल तर स्पीकर बदलण्याआधी अर्थिंग तपासून घ्या.

पणजी, तिसरा मजला
सबवूफरबद्दल कोणीच बोलत नाही, आणि शेजाऱ्यांशी भांडण त्याच्यामुळेच होतं. १० फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपास खोली घुमते. त्यात सब कोपऱ्यात ढकलला की घुमणं वाढतं. सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासचं काहीतरी लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे बास स्वच्छ वाटेल, तिथे सब. रात्री १० ते सकाळी ६ मात्र बंदच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खालच्या मजल्यावर एखाद्याचं तान्हं मूल असतं. रात्री हेडफोन लावा.

मडगावची श्रोती
बघा, रात्री हेडफोनच. दिवसा घरी कोण असतं? मग मागचे दोघे वाजणार कधी?

फोंड्याचा कानसेन
संध्याकाळी सात ते दहा, ताई. मे महिन्यात तास-दोन तास हेडफोन लावून बघा, कान घामाने भिजतात. गेममध्ये पाठीमागून पावलं आली की मान आपोआप वळते. दोन स्पीकरांतून मला ते कधी मिळालं नाही. सब मी रात्री नऊला बंद करतो, मागचे मंद ठेवतो.

मडगावची श्रोती
गेमसाठी मान्य. गाण्यासाठी मी दोनांवरच ठाम आहे. तुमचे मागचे स्पीकर स्टँडवर आहेत की भिंतीला? आमच्या चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरत नाही.

डिचोलीचा तारवाला
ड्रिल मारून फिशर (स्क्रूसाठीचा प्लॅस्टिकचा प्लग) घाला, नीट धरतो. वायर मात्र भिंतीत गाडू नका, पट्टीतून न्या. पुढच्या पावसाळ्यात पिना पुसायला काढाव्या लागतीलच.