फ्लाय फिशिंग: सुट्टीचा दिवस आणि एक शांत तळं (तुमचे अनुभव)

घरच्यांच्या मते मी सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाऊन माश्या मारतो. खरं तर मी माश्या (गळाला पिसं-दोरा गुंडाळून केलेल्या नकली) फेकतो, पण हा फरक पटवून द्यायचं आता सोडलंय. नदीवरच्या फ्लाय फिशिंगबद्दल भरपूर बोललं जातं, साचलेल्या लहान पाण्यावरच्या एखाद्या निवांत दिवसाबद्दल फार कमी. तर या धाग्यावर लिहा. मासा मिळालाच पाहिजे अशी अट नाही. सुरुवात मीच करतो.

नऊ फुटी, पाच नंबरची (म्हणजे मध्यम वजनाच्या लाईनची) रॉड घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यात एकच होतं, लांब टाकायचं. साध्या गळाला वजन बांधलेलं असतं, ते उडतं आणि दोरी त्याच्यामागून जाते. इथे उलटं. पिसं आणि दोरा गुंडाळलेल्या माशीला वजनच नसतं. उडते ती जाड लाईन, माशी तिच्या टोकाला लटकून जाते. म्हणून लाईन आधी मागे पूर्ण उलगडू द्यावी लागते. माझ्या मागे झाड होतं. तासाभरात तीन माश्या त्याला अर्पण केल्या. चौथी बांधायला खाली बसलो, तर काठाला लागून, जेमतेम गुडघाभर पाण्यात, एक ट्राउट (थंड पाण्यातला मासा) आरामात चरत निघून गेला. सकाळपासून मी त्याच्या डोक्यावरून लाईन फेकत होतो.

*

झाडावर उपाय आहे: रोल कास्ट. लाईन हवेत मागे टाकायचीच नाही. पाण्यावरून हळू ओढत रॉड कानामागे आणायची, लाईनचं पोट मागे लोंबू द्यायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढे झटका द्यायचा. लाईन चाकासारखी उलगडत जाते. फक्त गवतावर सराव करू नका, लाईनला पाण्याची पकड लागते. मी दोन सुट्ट्या गवतावर घालवल्या आणि रॉडलाच नावं ठेवत बसलो.

*

धागाकर्त्यांचा ट्राउट काठाशी का होता ते सांगतो. नदीत प्रवाह खाणं तोंडाशी आणून देतो, मासा दगडाआड जागा धरून बसला तरी चालतं. तळ्यात त्याला फिरून पोट भरावं लागतं, आणि बहुतेक खाणं उथळ पाण्यात, पाणवनस्पतींच्या कडेला असतं.

माझा दिवस असा. पाणी आरशासारखं. जागोजागी वर्तुळं उठत होती, म्हणजे मासे वर खातायत. मी तरंगती माशी टाकली. दोन तास कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि वर्तुळं मात्र तिच्या आजूबाजूलाच! चिडून रॉड खाली ठेवली आणि नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं की नाक कधी दिसतच नाही. दिसतो तो पाठीवरचा पर आणि शेपटीचं टोक. माशाने पृष्ठभागावरून घास घेतला की सोबत हवाही आत जाते आणि मागे बुडबुडा राहतो. इथे एकही बुडबुडा नव्हता. मासे पृष्ठभागाच्या खाली खात होते, चिलटांचे कोष वर येताना मधेच पकडत होते. काळी, बारीक, कोषासारखी माशी बांधली, लाईन बोटांवर आठच्या आकड्यात गुंडाळत इतकी सावकाश आणली की स्वतःचाच कंटाळा यावा. तिसऱ्या खेपेला लाईन जड झाली.

एकच मासा मिळाला, हातभरही नव्हता. पण ते दोन तास नसते गेले तर तोही मिळाला नसता, की आधीच बसून पाहिलं असतं तर दहा मिळाले असते? अजून ठरत नाही.

*

बुडणारी लाईन वापरणाऱ्यांसाठी. लाईन टाकायची आणि आकडे मोजायचे, जितके जास्त तितकी लाईन खोल. दहाला ओढायला लागलो, काही नाही. पंधराला, काही नाही. विसाला गळावर शेवाळ आलं, म्हणजे तळ लागला, आता अठरा. पद्धत उत्तम आहे. मोजता मोजता माझं मन ऑफिसात गेलं एवढंच. दचकून भानावर आलो तेव्हा रॉड वाकलेली होती. तो कितवा आकडा होता कोण जाणे. उरलेली दुपार तोच शोधण्यात गेली.

*

माझा मासा सुटला, तोही माझ्याच चुकीने. गाठ आवळण्यापूर्वी ओली केली नाही. कोरडा नायलॉन आवळताना घर्षणाने तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. सुटलेल्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं होतं, म्हणजे तुटली नाही, गाठच सरकली. मासा केवढा होता ते सांगणार नाही. हात पसरून दाखवता आला असता तर दाखवला असता.

*

आम्ही गेलो तेव्हा पाण्यात थर्मामीटर बुडवला, 22 अंश. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि साधारण 20 च्या वर ट्राउटचे हाल होतात. पकडून सोडला तरी तो जगेलच असं नाही. म्हणून ट्राउटचा नाद सोडला आणि सावलीतल्या सनफिश नावाच्या छोट्या माशांकडे वळलो, त्यांना कोमट पाणी मानवतं. मुलीच्या हातात रॉड दिली. पहिला मासा लागल्यावर ती किंचाळली, आणि मी मागून, "आधी हात ओले कर! हात ओले कर!" कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा उलटा काटा मी आधीच पकडीने दाबून टाकला होता, मासा पाण्यातल्या पाण्यातच सुटला. संध्याकाळी घरी तिने सगळ्यांना सांगितलं, "बाबा माशावरच ओरडत होते."

*

मला काहीच मिळालं नाही. चालेल ना? रॉड मांडीवर आडवी होती, टोकावर एक निळी टाचणी (चतुरासारखा नाजूक किडा) येऊन बसली. ती उडेपर्यंत कास्ट करायचा नाही असं ठरवलं. ती बराच वेळ उडाली नाही.

*

धागाकर्त्यांना प्रश्न: त्या झाडातल्या तीन माश्यांचं काय झालं?

*

दोन काढल्या. तिसरी वरच्या फांदीवर आहे. परवा गेलो तर तिच्याशेजारी आणखी दोन लटकत होत्या. माझ्या नाहीत.