मदत हवी आहे : फाउंड्रीतील कामगारांचा पैशांशिवाय सन्मान करताना निवड कशी करावी?

सर्वांना नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी कार्मिक विभागाचे काम पाहतो. यंदाच्या खंडेनवमीला, यंत्रपूजेच्या वेळी, कष्टाळू कामगारांचा सन्मान सुरू करावा असे व्यवस्थापनाने ठरवले असून त्याचा आराखडा करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. सन्मान रोख रकमेचा नसेल, हे ठरलेले आहे. पगारवाढ, किमान ८.३३ टक्के बोनस आणि जादा तासांचा दुप्पट मोबदला हा कामगाराचा हक्क आहे. त्यातले काही कापून त्याऐवजी शाल-श्रीफळ हातात ठेवायचे असेल, तर तो सन्मान न केलेलाच बरा, असे मी बैठकीत मांडले आणि ते मान्यही झाले. म्हणून माझा प्रश्न त्यापुढचा आहे.

खरी अडचण निवडीची आहे. मोल्डिंगमध्ये पाळीला किती साचे झाले ते फळ्यावर लिहिलेले असते आणि मशीन शॉपमध्ये नग मोजता येतात, त्यामुळे या दोन विभागांतील चांगले काम सर्वांच्या डोळ्यांसमोर येते. कोअर शॉपचे, म्हणजे कास्टिंगच्या आतील पोकळीसाठी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे (कोअर) बनवणाऱ्या विभागाचे, तसे नाही. तिथल्या महिला प्रत्येक कोअर उजेडाकडे धरून पाहतात, त्याच्या कडेवरून बोटाचे टोक फिरवतात आणि केसाएवढी चीर जाणवली तरी तो बाजूला काढतात. त्यांच्यामुळे जे कास्टिंग (ओतीव भाग) बिघडले नाही, त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही. वाळूतील ओलावा जास्त झाला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे पडणारी छिद्रे) येतात, म्हणून सँड प्लांटवरचा माणूस मूठभर वाळू दाबून पाहत दिवसभर लक्ष ठेवतो. फेटलिंगवाले, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारे, धुळीत आणि ग्राइंडरच्या आवाजात उभे असतात. भट्टीवरचा कामगार चौदाशे अंशांच्या आसपास तापलेल्या रसावरची मळी काढत असतो. नुसत्या उत्पादनाच्या आकड्यावर निवड केली, तर यांच्यापैकी कोणाचाही नंबर कधी लागणार नाही.

यावर विचार करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या रसाचा (हीटचा) क्रमांक असतो. ग्राहकाकडून माल परत आला की त्या नंबरावरून तारीख, पाळी, भट्टी आणि मोल्डिंगची टोळी काही मिनिटांत सापडते, म्हणजे चूक कोणाची हे शोधण्याची व्यवस्था आपल्याकडे तयार आहे. तीच व्यवस्था चांगल्या कामाचा माग काढण्यासाठी का वापरू नये? अवघड जॉबच्या ज्या हीटमध्ये रिजेक्शन लक्षणीय कमी निघाले, ती निवडून कोअरपासून फेटलिंगपर्यंत तिला ज्यांचे हात लागले त्या सर्वांची नावे एकत्र वाचावीत, असा माझा प्रस्ताव आहे. कंत्राटी कामगारांची नावेही त्यात हवीत, याबद्दल मी आग्रही आहे. कोणी असा प्रयोग केला असल्यास हीटची निवड कोण करते आणि कठीण व सोप्या जॉबची तुलना कशी करतात, हे कृपया सविस्तर लिहावे.

शेजारच्या एका कारखान्यात ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ म्हणून फोटो लावत असत. पुढे तो पाळीपाळीने प्रत्येकाला मिळू लागला आणि त्याकडे कोणी पाहीनासे झाले. हजेरीसाठी पुरस्कार ठेवावा असेही सुचवण्यात आले होते, परंतु अमेरिकेतील औद्योगिक लाँड्रीवरील २०१६ सालच्या एका अभ्यासात अशा पुरस्काराचे उलटे परिणाम दिसले : काहींनी नियमातील पळवाटा शोधल्या आणि जे आधीपासूनच नेकीने काम करत होते त्यांचे काम मंदावले. ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनी ‘वर्षभर अपघात नाही’ म्हणून एखाद्या विभागाला ढाल देण्यासही माझा विरोध आहे, कारण ढालीसाठी लोक लहानसहान भाजणे लपवतील. त्यापेक्षा थोडक्यात टळलेला अपघात ज्याने स्वतःहून कळवला, त्याचा सत्कार अधिक योग्य ठरेल.

सन्मान कोणता असावा, यावर कामगारांशी बोललो आहे. खासबागेत गदा उंचावणारा मल्ल पाहत वाढलेल्या या गावात मानाच्या वस्तूचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आईवडील आणि मुलांना कारखान्यात बोलावून, त्यांच्यादेखत फेटा बांधावा आणि काम नेमके काय केले ते साहेबांनी नाव घेऊन सांगावे, ही सूचना बहुतेकांना पटली. ‘उत्तम कामगिरीबद्दल’ एवढेच छापलेले प्रमाणपत्र मात्र कोणालाच नको आहे. गावाकडच्या कामगारांनी जोतिबाच्या यात्रेला किंवा उसाच्या लागणीला रजा निवडण्याचा पहिला मान मागितला, तर बिहारमधून आलेल्यांनी तोच छठसाठी मागितला. फेटलिंगमधील एका तरुणाला पॅटर्न शॉपचे (साच्यांसाठी नमुने बनवण्याचे) काम शिकायचे आहे. अशी संधी मला सर्व भेटवस्तूंपेक्षा मोलाची वाटते.

केवळ मानाने काही फरक पडतो का, अशी शंका आमच्या लेखा विभागाने घेतली. स्वित्झर्लंडमधील एका प्रयोगात, माहिती भरण्याचे तात्पुरते काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना फक्त अभिनंदनपत्राचा सन्मान जाहीर केल्यावर त्यांचे काम सरासरी १२ टक्क्यांनी वाढले, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. फाउंड्रीतील वर्षानुवर्षांच्या कामाला तो जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणत नाही, म्हणूनच आपल्या भागातील अनुभव हवे आहेत.

विशेषतः दोन बाबींवर मार्गदर्शन करावे. निवड समितीत पर्यवेक्षकांबरोबर कामगारांचे प्रतिनिधी घेतल्यास गटबाजी कशी टाळता येते? आणि कंत्राटी कामगाराला रजेचा अग्रक्रम किंवा प्रशिक्षण द्यायचे असल्यास कंत्राटदाराशी झालेल्या करारात कोणते कलम घालावे? कोणाकडे अशा कलमाचा किंवा निवडीच्या तक्त्याचा मराठी नमुना असल्यास इथे द्यावा. मसुदा दसऱ्याच्या महिनाभर आधी व्यवस्थापनापुढे ठेवायचा आहे.